गरम झाली की बंद पडायची : चौदा वर्षं उभ्या असलेल्या येझदीला हात लावण्याआधी

कराडजवळच्या एका गावातून एका तरुणाने विचारलं आहे : "वडिलांची १९८५ची येझदी क्लासिक मोटरसायकल आहे. चौदा वर्षं गोठ्याच्या पडवीत उभी आहे. वडील आता नाहीत. किक अर्ध्यात अडकते. पंक्चर काढणं आणि चेन ताणणं यापलीकडे मी कधी काही केलेलं नाही. गाडी पूर्ण खोलून, रंग-क्रोम करून नव्यासारखी करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? आई म्हणते, शेवटी शेवटी गाडी गरम झाली की बंद पडायची."

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं असणार. मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटलं.

कोल्हापुरात चौतीस वर्षं मी जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करतो आहे. चांगली चालणारी गाडी कोणी पडवीत लावून विसरत नाही. तिच्यात काहीतरी बिघडलेलं असतं, ते काढायला वेळ किंवा पैसा नसतो, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत गाडी भिंतीला लागते आणि मग वर्षं जातात. त्या चौदा वर्षांत गंज चढतो, पेट्रोलचा डिंक होतो, रबर कडक होतं. पण पहिला बिघाड त्या सगळ्याखाली तसाच बसून असतो. नवा माणूस गंज काढतो, रंग देतो, गाडी सुरू करतो आणि दहा किलोमीटरवर तोच जुना बिघाड पुन्हा समोर येतो. म्हणून पाना उचलायच्या आधी आईजवळ बसा आणि नीट विचारा.

बंद पडल्यावर बाबा काय करायचे? पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघायचे का, आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू व्हायची का? तसं असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. टाकीत हवा शिरत नाही, आत ओढ तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकापायी अख्खी गाडी उभी राहिलेली मी पाहिली आहे. प्लग काढून पुसायचे का? की नुसतं सावलीत अर्धा तास थांबायचे आणि मग ती पहिल्या किकेत सुरू व्हायची? मग संशय कंडेन्सरवर (ठिणगी टणक पडावी म्हणून लावलेली छोटी डबी) किंवा कॉइलवर (बॅटरीची वीज प्लगसाठी वाढवणारं वेटोळं) जातो. हे दोन्ही थंड असताना ठीक असतात आणि तापले की स्पार्क सोडतात. बंद पडल्यावर किक जड लागायची का? मग पिस्टन ब्लॉकमध्ये, म्हणजे तो ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यात, आवळत होता. उलट किक हलकी, पोकळ लागायची? मग पिस्टनभोवतीच्या रिंगा गेलेल्या. आणि बंद पडायच्या आधी रेस आपोआप चढल्यासारखी व्हायची, आवाज पातळ व्हायचा, तर क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, ऑइल सील. आईला यातले शब्द माहीत नसतील, पण रस्त्याच्या कडेला बाबांच्या मागे उभं राहून तिने काय पाहिलं ते तिला आठवेल. गावात त्या वेळी गाडी कोण बघायचं तेही विचारा. तो मिस्त्री हयात असेल तर त्याच्याकडे चहाला जा.

आता कागद. हेही गाडीला हात लावण्याआधीच, कारण कागद नसलेल्या गाडीवर घातलेला पैसा अडकतो. आरसी बुक शोधा. चासी नंबर आणि इंजिन नंबर कापडाने आणि डिझेलने साफ करा, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, फोटो काढा. आपल्याकडे दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तुमच्या गाडीचं ते कधीचंच चुकलेलं असणार. नूतनीकरणासाठी फॉर्म २५, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, आरसी हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. जुन्या हस्तलिखित आरसीची नोंद संगणकावर नसते, तेव्हा आरटीओत आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यावी लागते आणि तिथेच बराच वेळ जातो. दंड, पर्यावरण कर आणि फीचे आकडे बदलत असतात, ते त्याच दिवशी विचारून घ्या. कोणी "व्हिंटेजमध्ये टाका" म्हणालं तर सोडून द्या. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाडीला मिळते, तुमची २०३५ साली तिथे पोचेल. शिवाय ती नंबरप्लेट घेतली की गाडी रोज वापरता येत नाही.

तुमच्या "पूर्ण खोलून" या शब्दांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. खोलू नका. निदान आत्ता नको. नवशिक्यांच्या सुरू न झालेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक पोत्यातून येतात. पहिल्या रविवारी उत्साहात सगळी गाडी सुटी होते, दुसऱ्या रविवारी रंगाला जाते, आणि सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच भाग काढा, तो दुरुस्त करा, परत बसवा, मग पुढचा. काढण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पाकिटात आणि पाकिटावर मराठीत ठळक नाव : "उजवं कव्हर, पाच स्क्रू, लांब खाली". मी आजही असंच करतो.

अडकलेल्या किकेवर जोर अजिबात लावू नका. तुमच्या गाडीला डावीकडे एकच दांडा आहे, तोच गिअर आणि तोच आत दाबून मागे फिरवला की किक. तिच्यावर उभं राहून लाथा मारल्या तर आतला दाता किंवा शाफ्टवरच्या खाचा जातात आणि एका अडचणीच्या दोन होतात. इंजिन जाम आहे की फक्त किक, हे आधी वेगळं करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. प्लगच्या खळग्यातली माती ब्रशने झाडा, आणि मगच प्लग काढा; नाहीतर ती माती थेट आत पडते. मागचं चाक हाताने हलवत हलवत चौथा गिअर टाका. गिअरचा दांडा सोडून द्या, कारण या गाडीत दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो. आता चाक दोन्ही हातांनी धरून हळू पुढे-मागे करा. इंजिन चाकाबरोबर फिरलं, प्लगच्या भोकातून फुस-फुस हवा आली, तर इंजिन मोकळं आहे आणि दोष किकेच्या यंत्रणेत आहे. चाक जागचं हलत नसेल तर पिस्टन धरलेला आहे.

धरलेला असला तरी घाबरू नका. डिझेल आणि टू-स्ट्रोक ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन चमचे प्लगच्या भोकातून सोडा. भोकावर स्वच्छ कापड ठेवा आणि दोन दिवस विसरून जा. तिसऱ्या दिवशी चाक पुन्हा हलवा. ओढून फिरवायचं नाही, बैल खुंटा हलवतो तसं, थोडं पुढे, थोडं मागे. नाही हललं तर आणखी दोन चमचे आणि आणखी दोन दिवस. माझ्याकडच्या एका गाडीने अकरा दिवस घेतले. अकराव्या दिवशी चाक पाव इंच हललं तेव्हा जो हलका "चट्" आवाज आला, तो मला अजून आठवतो. हातोडी, लांब पाइप, जीपला बांधून ओढणं, हे सगळे सल्ले गावात मिळतील. ऐकून घ्या आणि करू नका.

इंजिन फिरायला लागलं की प्लगच्या भोकातून टॉर्चने आत बघा. पिस्टनच्या डोक्यावर काळा कोरडा कार्बन दिसला तर ठीक. ब्लॉकच्या भिंतीवर उभ्या रेघा, ओरखडे किंवा चंदेरी ॲल्युमिनियमचा लेप दिसला तर पिस्टन पूर्वी कधीतरी आवळलेला आहे आणि आईच्या वाक्याचं अर्धं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. मग हेड (ब्लॉकचं वरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) आणि ब्लॉक काढावेच लागतील. त्याकडे खाली येतो.

गिअरबॉक्सचं ऑइल पातेल्यात काढा आणि टाकून द्यायच्या आधी बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला तर क्रँकचं डावीकडचं सील गळतंय. त्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा, बारीक राखाडी पीठ चालतं, चकचकीत तुकडे आले तर थांबून मला कळवा.

स्पार्ककडे येऊ. येथे नवे लोक आठवडे घालवतात आणि कारण साधं असतं : तुमच्या गाडीची इग्निशन बॅटरीवर चालते. चांगली बॅटरी नसेल तर जन्मभर किका मारल्या तरी स्पार्क येणार नाही. चौदा वर्षांपूर्वीची बॅटरी बाहेर काढा, आम्लाने खाल्लेला पाळणा सोड्याच्या पाण्याने धुवा आणि नवी सहा व्होल्टची बसवा. बारा व्होल्टची लावून बघू नका, कॉइल जळेल. उजवं कव्हर उघडलं की डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि प्लॅटिनम (उघडमीट करून ठिणगी पाडणारा स्विच, कॉन्टॅक्ट पॉइंट) समोर दिसतात. प्लॅटिनमच्या दोन्ही टिकल्यांवर राखाडी-पांढरा थर बसलेला असेल. त्यातून वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन टिकल्यांमध्ये घालून दोन-चार वेळा ओढा, मग पेट्रोल लावलेली कोऱ्या कागदाची पट्टी ओढा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. इंजिन फिरवत टिकल्या पूर्ण उघडतील तिथे आणा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फट ०.४ मिलिमीटरची करा. पात घालताना अडकू नये, पण बाहेर काढताना हाताला किंचित धरल्यासारखी लागावी. हा अंदाज दोन-तीनदा केला की येतो.

नवा प्लग, फट ०.६ मिलिमीटर, कॅपमध्ये घालून हेडच्या पंखावर टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. चावी चालू करा, मिटलेल्या टिकल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडा-मिटा. प्रत्येक वेळी प्लगवर निळसर, टणक ठिणगी पडायला हवी. ठिणगी प्लगवर कमी आणि टिकल्यांमध्येच जास्त, मोठी, निळी पडत असेल तर कंडेन्सर गेलेला आहे. तुमच्या बाबतीत मी तपासण्याचीही वाट बघणार नाही : कंडेन्सर बदला. स्वस्त भाग आहे, आणि गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत त्याच्यावर विश्वास ठेवण्याचं काही कारण नाही. चावी चालू ठेवून जेवायला जाऊ नका. टिकल्या मिटलेल्या असल्या तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

टाकीतलं जुनं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारत असेल. ते गाडीत वापरू नका, हात धुवायलाही नको. टाकी काढा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढा, आत टॉर्चचा उजेड टाकून बघा. गंज पातळ असेल तर चिंचेचा घट्ट कोळ गरम पाण्यात करून भरा आणि दोन दिवस ठेवा, मधून हलवा. आमच्याकडे तांबं-पितळ घासायची ही रीत टाकीलाही चालते. रासायनिक द्रव्यापेक्षा सावकाश काम करते, पण बाहेरच्या क्रोमला आणि रंगाला दुखवत नाही. जाड खपल्या असतील तर मूठभर बारीक गोटे घालून टाकी गोधडीत गुंडाळून घुसळा, आणि गोटे मोजून घाला, म्हणजे मोजून बाहेर काढता येतील. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, साध्या पाण्याने धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि लगेच थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवायचं. हे लगेच न केल्यास संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस थर चढतो. झाकणातलं भोक त्याच वेळी पिन घालून मोकळं करा आणि तोंडाने फुंकून खात्री करा.

कार्बोरेटर उघडताना हवेचा स्क्रू आधी पूर्ण आत फिरवा, किती फेरे लागले ते मोजून लिहा, मग बाहेर काढा. जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीच्या) भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एका केसाने मोठं झालं तरी मिश्रण बदलतं. मासेमारीची नायलॉनची दोरी वापरा किंवा पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. पाइप, वॉशर, फिल्टर सगळं नवं घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून यापुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. एअर फिल्टरच्या डब्यात आणि सायलेन्सरच्या टोकांत बघा. गोठ्यात उभ्या गाडीत उंदरांचा संसार नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या कार्बनने बुजल्या असतील तर तेही इंजिन तापण्याचं कारण असतं. त्या बाहेर काढून जाळून घासा.

या गाडीला वेगळा ऑइल पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. चार-स्ट्रोकवर वाढलेला मुलगा पंपावर जाऊन नुसतं पेट्रोल भरून आणतो आणि पिस्टन धरतो. लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल, हे पहिल्या हजार किलोमीटरला. पुढे ३० ते ३५. कॅनमध्ये आधी मिसळून हलवा, मग टाकीत ओता. टाकीत वेगळं ओतलेलं ऑइल तळाशी बसतं आणि कॉकमधून आधी तेच उतरतं.

एवढं झालं की गाडी अंगणात आणा, गवताच्या गंजीपासून लांब, जवळ वाळूची बादली आणि ओलं पोतं ठेवून. चार-पाच किका चावी बंद ठेवून मारा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जाईल. मग चावी. ती सुरू होईल तेव्हा तुम्ही आत सोडलेलं डिझेल-ऑइल जळून दहा मिनिटं अंगण धुराने भरेल, ते होऊ द्या. त्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गिअर ऑइलचा वास असला आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरत असली, तर डावीकडचं सील गेलं. धूर नाही पण रेस गरम झाल्यावर आपोआप चढते आणि खाली येत नाही, तर उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं. तसं होऊ लागलं तर लगेच चावी बंद करा.

या सीलांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण येझदीची तब्येत यांच्यावर असते. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत ओढलं जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. ती पेटी दोन्ही बाजूंना या रबरी सीलांनी बंद असते. चौदा वर्षं कोरडं पडलेलं रबर कडक होतं, त्याची ओठासारखी कड शाफ्टला धरत नाही. उजवीकडून नुसती हवा आत शिरते. हवा वाढली म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो, ब्लॉकला धरतो. गाडी बंद पडते. थंड झाली की पिस्टन आकसतो आणि पहिल्या किकेत सुरू होते. आईचं वाक्य पुन्हा वाचा.

धंद्यात नवा असताना मी एका गिऱ्हाइकाची येझदी अशीच केली होती. टाकीचं क्रोम आरशासारखं, नवी सीट, नवं वायरिंग. सीलं बदलली नव्हती, कारण गाडी सुंदर चालत होती आणि मालकाला घाई होती. कोल्हापूरहून निघालेली ती गाडी कराडच्या अलीकडे धरली. मालक पाठीमागे बायकोला घेऊन हायवेवर होता. दोघांना काही झालं नाही, पण त्या दिवसापासून बरीच वर्षं उभ्या असलेल्या कोणत्याही टू-स्ट्रोकची सीलं मी न विचारता बदलतो. तुम्हीही बदलाच. उजवं सील डायनॅमो उतरवला की हाताशी येतं. डाव्यापर्यंत पोचायला क्लच आणि प्रायमरी चेन काढावी लागते. दोन्हीकडे पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) लागतो. तो भाड्याने आणा, उसना आणा, पण क्रँकच्या टोकावर हातोडी मारू नका. या गाडीचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. एका फटक्याने तो रेषेतून सरकतो आणि मग इंजिन आयुष्यभर थरथरतं. डाव्या बाजूचं काम पहिल्यांदा एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी बसून करा. त्यात कमीपणा काही नाही.

ब्लॉक काढायची वेळ आली तर : मूळ बोअर (ब्लॉकच्या भोकाचा व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५, म्हणून गाडी २५० सीसीची. ओरखडे असले तर ब्लॉक आणि नवा ओव्हरसाइज (मूळपेक्षा किंचित मोठा) पिस्टन दोन्ही घेऊन बोअरिंगवाल्याकडे जायचं. पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नका, कारण मोजमाप त्याच पिस्टनवरून घ्यायचं असतं. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं आहे, तुम्हाला कराडहून लांब नाही. बसवताना पिस्टनवरचा बाण पुढे, सायलेन्सरच्या बाजूला. रिंगांच्या खाचेत एक बारीक पिन असते आणि रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना यायला हवीत. टोक पिनवर चढलेलं असताना ब्लॉक दाबला तर रिंग तुटते आणि तुकडा पोर्टमध्ये (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडकीत) जातो. पिस्टनची पिन अडवणाऱ्या लॉकच्या रिंगा नव्या घाला. आणि हे करताना क्रँकपेटीच्या तोंडात स्वच्छ धोतराचा तुकडा कोंबून ठेवा. ही लॉकची रिंग नखाएवढी असते, स्प्रिंगसारखी उडते. ती आत पडताना "टिक्" असा एक आवाज येतो, आणि त्या आवाजानंतर पूर्ण इंजिन दोन भागांत फोडण्याशिवाय इलाज राहत नाही.

ब्रेक आणि टायर यांच्याबाबत तडजोड नको. ड्रम उघडताना आतली भुकटी फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. शू, केबली आणि सोळा इंची टायर-ट्यूब नवीनच. वायरिंगचं कव्हर हातात चुरत असेल तर पूर्ण हार्नेस (वायरांचा जुडगा) बदला, आणि बॅटरीजवळ फ्यूज आहे ना ते बघा.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ फिरा. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यामुळे आज मिळतं त्यातलं बरंच नंतर कोणीकोणी बनवलेलं असतं. २०२२ साली येझदी नावाने आलेली गाडी चार-स्ट्रोक आहे, तिचे इंजिनाचे भाग याला बसत नाहीत. जुना मूळ भाग थोडा झिजलेला आणि नवा नकली भाग चकचकीत असा प्रश्न आला तर मी जुना दुरुस्त करून घेतो. सीलं, प्लॅटिनम आणि बेअरिंग मात्र नावाजलेल्या कंपनीचीच, चार पैसे जास्त गेले तरी.

रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. क्रोमला इंजिनाएवढा पैसा सहज लागतो, आणि तो आधी खर्च झाला की सीलं राहून जातात. रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे, पटलं तर बघा. टाकीच्या कडेला बाबांच्या गुडघ्यांनी झिजलेली जागा असेल, हँडलच्या रबरावर हाताचा खळगा असेल. धुवा, वॅक्स लावा आणि गाडी सहा महिने तशीच चालवा. त्यानंतरही रंग द्यावासा वाटला तर द्या. एकदा घासून काढलेली ती झीज कोणत्याही पेंटरकडे मिळत नाही.

पहिली फेरी गावातच, पाच किलोमीटर, एकट्याने. मग घरी येऊन पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट तपासा. मग दहा, मग पंधरा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलात तर पहिल्या गिअरमध्ये रखडत राहू नका, बाजूला थांबून बंद करा. खिशात प्लगचा पाना, एक नवा प्लग आणि जादा कंडेन्सर ठेवा. कधीतरी ती गरम होऊन बंद पडलीच, तर गडबडून किका मारू नका. आधी झाकण उघडा आणि हवा आत शिरल्याचा आवाज येतो का ऐका. मग हळूच किक दाबून बघा, जड की हलकी. मग प्लग काढून, गरम आहे तोवरच, हेडला टेकवून स्पार्क बघा आणि प्लगच्या टोकाचा रंग बघा : भाजलेल्या शेंगदाण्यासारखा तपकिरी बरोबर, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, ओला काळा म्हणजे पेट्रोल जळत नाही. हे सगळं पाच मिनिटांत, ती थंड व्हायच्या आत करायचं आहे. काय दिसलं ते वहीत लिहा आणि आईने सांगितलेल्या गोष्टींशेजारी ते ठेवून मला कळवा.